साध्या जेवणाचा थाट

आषाढ लागला की भंडारा जिल्ह्यात दोन कामांची एकदम घाई सुटते. बांध्यांमध्ये धानाची रोवणी आणि घराघरांत काहीतरी सोडण्याची तयारी. कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी वांगं, कोणी चहा. चहा सोडणारा दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो आणि तिसऱ्या दिवशी ‘कॉफीचं मी काही बोललो नव्हतो’ असं घरच्यांच्या लक्षात आणून देतो. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. पुढचे चार महिने कांदा तोंडात घालायचा नाही, म्हणून त्या एका दिवसात कांद्याची भजी, कांद्याचा झुणका, कांदेपोहे आणि या सगळ्याला तोंडी लावायला बुक्कीने फोडलेला कच्चा कांदा. वैराग्य दशमीला येतं, पण घरातला वास जायला एकादशी उजाडते. गोव्यात हेच काम कार्निव्हल करतो. ख्रिस्ती मंडळींचा लेंटचा उपासकाळ सुरू होण्याआधी तिथे चार दिवस खाऊन, पिऊन, नाचून घेतात. तेव्हा सोडण्याआधी भरून घेण्याची रीत एकट्या आपलीच आहे, असं वाटून कोणी संकोचण्याचं कारण नाही.

आहार साधा करणं ही फार जुनी आणि खरी साधना आहे. गंमत साधनेत नाही, साधकात आहे. असा एक साधक भंडाऱ्यात खात रोडपासून गांधी चौकापर्यंत जवळजवळ प्रत्येक गल्लीत सापडतो. त्याचं नाव सांगता येत नाही, कारण तो एक माणूस नाही. चार शेजारी, दोन मामेसासरे आणि थोडासा प्रस्तुत लेखक एकत्र मळून तो तयार झाला आहे. सोयीसाठी त्याला काकाजी म्हणू. काकाजी निवृत्त आहेत. पेन्शन वेळेवर येते, साखर थोडी वाढलेली आहे आणि सकाळी खांब तलावाकडे फिरायला जाताना जे मित्र भेटतात, त्यांच्यापैकी प्रत्येकाने काही ना काही सोडलेलं आहे. एकाने भात, एकाने मीठ, एकाने तर बोलणं. आपण अजून काहीच सोडलेलं नाही, हे काकाजींना चारचौघांत सांगवेना.

त्यातच त्यांच्या हाती ‘गीता प्रवचने’ पडलं. १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, त्याचं हे पुस्तक. त्यावरून काकाजी मूळ गीतेच्या सतराव्या अध्यायावर गेले. तिथे आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत: सात्त्विक, राजस आणि तामस. तिखट, खारट, आंबट, जळजळीत ते राजस. काकाजी एवढं वाचतात तोच स्वयंपाकघराकडून तर्रीचा वास आला आणि आपण आजवर राजस जगलो, हे त्यांना कळून चुकलं. थोडा अभिमानही वाटला.

रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, ‘आजपासून मी साधं खाणार. आणि माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही.’

या शेवटच्या वाक्याला काकी ओळखून आहेत. त्यांनी सराटा खाली ठेवला आणि पदराला हात पुसले. ‘बरं जी. मंग काय काय नाही करायचं, ते सांगून द्या.’

तेल नको. तिखट नको. फोडणी नको, म्हणजे भाजीला फोडणी पडायच्या आधी त्यांच्यापुरती वेगळ्या गंजात काढायची. तो गंज तर्रीच्या गंजाशेजारी ठेवायचा नाही. तर्रीत बुडालेला चमचा त्यात घालायचा नाही. पोळीला तूप लावायचं नाही, पण पोळी कोरडी लागायला नको.

‘मीठ?’

‘चालेल, पण सैंधव.’

‘गूळ?’

‘चालेल, पण काळा.’

‘ताक?’

‘चालेल, पण गाईचं. आणि लोणी काढलेलं. आणि ते लोणी वाया जायला नको.’

सून शांतपणे ऐकत होती. तिने विचारलं, ‘मामाजी, वेगळं काही करायचं नाही म्हणता, हे तर चांगलंच आहे. पण वेगळं करायचं असतं तर काय काय सांगितलं असतं जी?’

तिखट सोडायला भंडाऱ्यासारखी अवघड जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल. पश्चिमेला नागपूरच्या सावजी खानावळी. दक्षिणेला पवनी ओलांडली की भिवापूर, ज्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. खुद्द घरात सकाळी तर्रीपोहे, दुपारी पाटवडी-रस्सा, पाहुणे आले की वडाभात आणि त्यावर लसणाची फोडणी. अशा ठिकाणी बिनतिखटाचं जेवणं म्हणजे पुराच्या वैनगंगेत कोरडं राहण्याचा निश्चय करणं. पहिल्या दिवशी काकाजींनी उकडलेल्या दुधीचा घास घेतला, बराच वेळ चावला आणि ‘भाजीची मूळ चव आज कळली’ असं म्हणाले. मूळ चव कळल्यावर ताटात बराच दुधी उरला होता.

भाताचं प्रकरण याहून मोठं. भंडारा हा धानाचा जिल्हा. इथला चिन्नोर शिजायला लागला की वास चार घरं ओलांडतो. तुमसरपासून भंडाऱ्यापर्यंत राइस मिलची रांग लागलेली. तिथे काकाजींना पाहिजे होता पॉलिश न केलेला तांदूळ. त्यामागे परंपरा होती, हेही खरं. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा १९३०च्या दशकात हातसडीचा तांदूळ आणि घाणीचं तेल यांचा प्रचार करत. गांधीजींचा त्याला पूर्ण पाठिंबा होता. पण मिलमधल्या माणसाने मगनवाडीचं नाव ऐकलेलं नव्हतं.

‘पॉलिश नाही करायची? काहून, घरी कोनी बिमार आहे का?’

‘नाही हो. आध्यात्मिक कारण आहे.’

‘मंग तर एकदा डॉक्टरले दाखवाच.’

तांदूळ अखेर मिळाला, आणि नेहमीच्या तांदळापेक्षा महाग मिळाला. काही न करता तसाच ठेवलेला तांदूळ महाग का, हे अर्थशास्त्र काकींना आजतागायत समजलेलं नाही. शिवाय तो शिजेना. रात्री भिजत घाला, सकाळी कुकरला लावा, शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊ द्या. ऐन श्रावणात या घरातून एवढ्या शिट्ट्या ऐकू येतात म्हटल्यावर शेजारच्या वहिनी भिंतीवरून डोकावल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘मटन शिजवून रायले का काकी? नाही, कोनाले सांगत नाही मी.’

साधेपणाचा भार दुसऱ्याच्या हातांवर पडतो, ही काही भंडाऱ्याची खासियत नाही. खुद्द गांधीजींनी आत्मकथेत असा एक प्रसंग प्रांजळपणे सांगितला आहे. १९१५ साली ते कलकत्त्याला भूपेंद्रनाथ बसूंकडे उतरले होते. त्या काळात गांधीजी फक्त फळं आणि सुकामेवा खात. किती साधं! यजमानांनी कलकत्त्यात मिळतील तेवढी सगळी फळं आणि सगळा मेवा मागवला. घरातल्या बायका रात्रभर जागून बदाम-पिस्त्यांची सालं काढत बसल्या. ताजी फळं नीट चिरून मांडली गेली ती वेगळीच. बरोबरच्या मंडळींसाठी पक्वान्नं झाली तीही वेगळीच. एका माणसाच्या साधेपणासाठी एवढी रात्र जागवली गेली, हे गांधीजींना खटकलं. त्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतलं: चोवीस तासांत पाचांपेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर काहीच नाही.

काकाजींनी हा प्रसंग वाचला. पहिला अर्धा त्यांनी सोडून दिला आणि पाच पदार्थांचा अर्धा उचलला. घरात नवीन संकट उभं राहिलं: मोजणीचं. भात एक, वरण दोन. वरणातलं हिंग धरायचं का? हळद? गांधी चौकातल्या चहाच्या टपरीवर या विषयावर रीतसर चर्चासत्र झालं. एका मित्राने दाखवून दिलं की वडाभात हा शब्द एक, ताट एक, घास एक, म्हणजे पदार्थ एकच. दुसऱ्याने त्याच न्यायाने मिसळ एकात बसवली. तिसऱ्याने थाळी बसवायला घेतली, तेव्हा काकाजींनी थोडा वेळ विचार केल्यासारखं दाखवलं.

गांधीजींच्या घरातही सोडण्याचा मामला नेहमीच सरळ गेला असं नाही, आणि त्या प्रत्येक कथेत कस्तुरबा फार शहाण्या दिसतात. दक्षिण आफ्रिकेत त्या आजारी असताना गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सुचवलं. त्यांचं म्हणणं असं पडलं की, कोणी सांगितलं तर हे तुम्हालाही सोडवणार नाही. बस्स. गांधीजींनी जागच्या जागी वर्षभरासाठी दोन्ही सोडून टाकलं. कस्तुरबांनी काकुळतीला येऊन सांगितलं की मी सोडते, पण तुम्ही हे परत घ्या. ते ऐकेनात. शेवटी, तुम्ही फार हट्टी आहात, असं म्हणून त्या रडल्या. जगातल्या कुठल्याही नवरा-बायकोच्या भांडणात रागाने ताटावरून उठणारा नवरा असतो. रागावण्याऐवजी आनंदाने मीठ सोडणारा नवरा मिळाला तर बायकोने करायचं तरी काय? पुढे १९१२ साली गांधीजींनी दूधही सोडलं. १९१८ मध्ये सुरू झालेल्या दुखण्यात डॉक्टर दूध घ्या म्हणून मागे लागले आणि व्रत आडवं आलं. तेव्हा कस्तुरबांनीच खाटेशेजारून सुचवलं की व्रत घेताना तुमच्या डोळ्यांसमोर गाय आणि म्हैस होती, शेळीचं काय? शेळी घरात आली. आपण व्रताचे शब्द पाळले, आत्मा नाही, अशी टोचणी गांधीजींना पुढे कायम राहिली, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. काकाजींनाही असे वकील भेटतात. टोचणीचं तेवढं अजून जमलेलं नाही.

उलट, पळवाट शोधण्यात आपल्या उपासांचा हात धरणारं कोणी नाही, असं प्रस्तुत लेखकाला अभिमानाने वाटत होतं. मग कळलं की व्हेनेझुएलात लेंटच्या दिवसांत मांस चालत नाही, पण मासे चालतात; आणि कॅपिबारा नावाचा घुशीच्या कुळातला चांगला मोठा केसाळ प्राणी पाण्यात पोहतो म्हणून त्याला माशांच्या पंगतीत बसवलेलं आहे. आपल्याकडे भगर धान्य नाही असं मानतात, हे त्यापुढे अगदीच किरकोळ.

तरीही श्रावणातलं भंडारा बघण्यासारखं असतं. सोमवारी काकाजींचा उपास. सकाळी साबुदाण्याची उसळ, दुपारी आलूची भाजी आणि शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, संध्याकाळी फल्लीदाण्याचा लाडू, आणि ‘पोटाला जरा आराम पाहिजे’ म्हणून वर एक ग्लास लस्सी. शिंगाडा तरी इथला. जिल्ह्यातल्या तलावांमध्ये, बोड्यांमध्ये ढिवर मंडळी कंबरभर पाण्यात उतरून तो काढतात. बाकीची पंगत परदेशी आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, आलू, मिरची आणि शेंगदाणा हे चौघंही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे पोचलेले. म्हणजे ज्या ऋषिमुनींच्या नावाने हा उपास चालतो, त्यांनी तो उसळीशिवाय काढला. कसा काढला असेल, या विचाराने काकाजींचा गळा दाटून येतो.

गोकुळाष्टमीला तर कसोटीच असते. या भागात घरोघरी कान्होबा बसतो आणि त्याच्या डोक्यावर फुलोरा बांधतात. करंज्या, पापड्या, अनारसे दोऱ्यांनी लोंबकळत असतात आणि खाली उपाशी मंडळी आरती म्हणत उभी असतात. भक्तांची नजर इतकी एकटक वर लागलेली दुसऱ्या कुठल्याही सणाला दिसत नाही. मग ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. घरात नव्या-जुन्या धानाच्या चुंगड्या भरलेल्या असतात, पण त्यातला दाणा चालत नाही. तळ्यात आपोआप उगवणारं देवधान पाहिजे. ते पाण्यातून जपून झोडपून गोळा करावं लागतं, मिळतं थोडं आणि म्हणून त्याचा भाव ऐकून माणूस आधी हात जोडतो. बैलाला सुट्टी मिळते. ते देवधान गोळा करणाऱ्या माणसाच्या कष्टाबद्दल शास्त्र काही बोलत नाही.

याच दिवसांत जंगलाकडून सात्या म्हणजे रानअळंबी येते, काटवल येतात. एके काळी ज्याच्याकडे काही नाही त्याने जंगलातून आणून खायचं अन्न हे. आता काटवलाचा भाव विचारून लोक चिकनच्या दुकानाकडे वळतात आणि सात्या घेणाऱ्याकडे बाजारात सगळे वळून बघतात. काकाजींनी ‘निसर्गाचं साधं अन्न’ म्हणून पिशवीभर सात्या आणल्या, त्या दिवशी काकींनी फक्त पिशवीकडे बघितलं आणि दूधवाल्याचे पैसे पुढच्या महिन्यावर गेले.

आता या सगळ्यात रोवणीला जाणाऱ्या बाईचं ताट मात्र कोणी विचारात घेत नाही. रात्रीचा उरलेला भात पाण्यात घालून ठेवलेला, सकाळी त्यावर मीठ, बाजूला कांदा नाहीतर चटणी. ते खाऊन ती दिवसभर चिखलात वाकून उभी. पदार्थ मोजले तर पाचांच्या फार आत, तेल नाही, फोडणी नाही, पॉलिशचा प्रश्न नाही. पण सतराव्या अध्यायाच्या हिशोबात शिळं अन्न बसतं तामसात. आणि काजू, खजूर, गाईचं ताक घेऊन पंख्याखाली बसलेले काकाजी सात्त्विकात. काकाजींनी हा हिशोब एकदा घरी रोवणीचे पैसे न्यायला आलेल्या बाईला समजावून सांगितला. ती म्हणाली, ‘हाव जी, काकाजी. पन तुमच्यासारखं साधं खानं आमाले नाही परवडत.’

चव सोडण्याचा विचार मांडणारा माणूस भंडाऱ्यापासून फार लांब राहत नव्हता. वर्ध्याजवळचं सेवाग्राम याच विदर्भात. १९३० साली येरवड्यातून गांधीजींनी आश्रमवासीयांना व्रतांवर जी पत्रं लिहिली, त्यात अस्वादाचंही पत्र आहे. अन्न औषधासारखं मोजून घ्यावं, शरीराला लागतं म्हणून. चवीसाठी त्यात मीठ वाढवलं किंवा कमी केलं तर तो व्रताचा भंग, असा त्याचा आशय. बारा वर्षांनी, जून १९४२मध्ये, लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामला राहिले. वर्ध्याचा उन्हाळा असा की ते टबात पाणी भरून त्यात बसून टाइप करत. जेवायला रोज तीच पालेभाजी, तोच भोपळा. तिसऱ्या दिवशी त्यांनी नको म्हटलं. गांधीजींनी त्यांना काय सुचवलं असेल? भरपूर मीठ आणि लिंबू पिळून घ्या! म्हणजे चव मारून टाकू का, असं फिशरांनी विचारलं, तेव्हा गांधीजी म्हणाले की मारायची नाही, वाढवायची. त्यावर फिशरांनी टोला दिला की तुम्ही इतके अहिंसक की चवीलासुद्धा मारत नाही. व्रत स्वतःसाठी आणि लिंबू पाहुण्यासाठी, हा भाग काकाजींना कोणीतरी वाचून दाखवायला हवा होता.

कारण काकाजींचं उलट चाललं होतं. आपलं झालं की त्यांची नजर दुसऱ्याच्या ताटावर जायची. मुलाने तर्रीची वाटी तोंडाला लावली की हे म्हणणार, ‘खा, खा. मीही खात होतो.’ नातवाने चिप्सची पुडी फोडली की त्याला सतरावा अध्याय. घरातली मंडळी मग त्यांच्या आधी नाहीतर त्यांच्यानंतर जेवायला लागली. येरवड्याच्या तुरुंगात १९३२ साली गांधीजींबरोबर वल्लभभाई पटेल होते. गांधीजी चहा घेत नाहीत म्हणून त्यांनी चहा सोडला, उकडलेल्या भाज्या खाल्ल्या, पण तोंडाला कुलूप घातलं नाही. गांधीजी पुष्कळशा गोष्टींत खाण्याचा सोडा घालत. म्हणून कुठलाही अवघड प्रश्न समोर आला की वल्लभभाई म्हणत, त्यात सोडा घाला. उपास करणाऱ्याच्या शेजारी असा एक माणूस सरकारने नेमूनच द्यायला पाहिजे.

मुलाचंही डाएट सुरू आहे, पण ते वजनासाठी. एके काळचे काटोलचे आमदार डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून निघालेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोचवलेला तो प्रकार: दिवसात दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. मुलाने यातला ५५ मिनिटांचा हक्क पूर्ण वसूल केला. त्रेपन्नाव्या मिनिटाला तो फ्रिज उघडताना दिसला की काकी फक्त घड्याळाकडे बघतात. बापाचं अध्यात्म आणि मुलाचं वजन यांच्या दोन वेळापत्रकांमधून सुनेला स्वतः जेवायला कधी वेळ मिळतो, याची नोंद कुठल्याच पद्धतीत नाही.

जैनांनी मात्र मन ओळखलं होतं. त्यांच्या बाह्य तपांत ऊनोदरी आहे, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी खाऊन उठायचं. पदार्थ कुठला, तेल कुठलं, याचा वादच नाही. काकाजींनी हे एक दिवस करून बघितलं आणि त्यांना ते फारच साधं वाटलं. यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आयंबिल त्यापेक्षा बरं. दिवसातून एकदा, तेल-तूप-दूध-मसाल्याशिवाय. पण आता आयंबिलच्या इडल्या, डोसे, खाखरे असे प्रकार निघाले आहेत. विपश्यनेच्या शिबिरातही नव्या साधकाला संध्याकाळी पाच वाजता चहा, मुरमुरे आणि फळ मिळतं. जुन्याला नुसतं लिंबूपाणी. तिथे मौन असतं, तरी पाच वाजायच्या आधी भोजनगृहाबाहेर जी शिस्तबद्ध, निःशब्द रांग लागते, तीत कोणाच्या मनात काय आहे हे ओळखायला ध्यान लागत नाही. भंडारा जिल्ह्यात बौद्ध वस्ती मोठी. पौर्णिमेला, वर्षावासात अष्टशील पाळणारी कितीतरी माणसं मध्यान्हीनंतर जेवत नाहीत आणि त्याबद्दल कोणाला सांगतही नाहीत. काकाजींना शेजारच्या गल्लीतल्या अशा एका आजींचं व्रत कितीतरी वर्षांनी कळलं, तेही त्यांनी दुपारचा लाडू नको म्हटलं म्हणून.

न सांगणं हेच काकाजींना जमत नाही. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याला थांबवतात. ‘मला फक्त वरण-भात.’ वाढपी वरण आणतो. ‘यात तिखट आहे.’ वाढपी आचाऱ्याकडे, आचारी यजमानाकडे. यजमान धावत येतो, वधूपिता येतो, पाठोपाठ तिकडचे व्याही येतात. ‘काकाजी, काय झालं जी? काही चुकलं का आमचं?’ ‘नाही, नाही. मी साधं खातो. तुम्ही त्रास घेऊ नका.’ मग एक मुलगा मोटरसायकलवर घरी जातो आणि डब्यात मूग डाळ शिजवून आणतो. तोवर नवरा-नवरी पाया पडायला ताटकळत उभी. सगळ्या मांडवाला कळतं की भंडाऱ्याच्या काकाजींनी तिखट सोडलं. त्या दिवशी काकाजी घरी येतात तेव्हा फार प्रसन्न असतात. खरं तर मूग डाळ त्यांना अजिबात आवडत नाही.

चातुर्मास संपतो कार्तिकी एकादशीला. आणि झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या या भागातल्या मंडया, गावोगावच्या जत्रा, सुरू होतात भाऊबीजेपासून. एकादशीला अजून नऊ दिवस बाकी असतात. ज्याने कोणी ही रचना केली त्याला काकाजींची सगळी माहिती असावी. मंडईच्या गावी लेकीबाळी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, रात्रभर नाटक चालतं आणि चुलीवर मोठ्या गंजात रस्सा उकळत असतो. साळ्याने आग्रह केला.

‘मांस नाही खात मी. एकादशीपर्यंत नाही.’

‘नका खाऊ जी भाऊजी. रस्सा तर घ्या. पानीच तर आहे ते.’

काकाजींनी पाणी घेतलं. दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा पाण्यात काहीतरी चुकून आलं आणि अन्न टाकू नये म्हणून त्यांनी ते खाल्लं. परत आल्यावर काकींनी काही विचारलं नाही. शर्टाच्या खिशावरचा तर्रीचा डाग त्यांनी बघितला आणि शर्ट भिजत घातला.

आता पुढचा आषाढ येईल, खांब तलावाच्या रस्त्यावर पुन्हा यादी होईल आणि काकाजी पुन्हा काहीतरी सोडतील. त्यांना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना घरातल्या मंडळींतर्फे एकच नम्र विनंती आहे. तिखट सोडा, तेल सोडा, पाहिजे तर मीठही सोडा. सेवाग्रामच्या आश्रमात जेवणारा प्रत्येक जण आपलं ताट आपण घासत असे, तेवढं एक व्रत यादीच्या सुरुवातीला घाला. फोडणीआधी काढलेल्या भाजीचा तो वेगळा गंजही त्यात धरा. घासणी आणि साबण नळाखाली, डाव्या हाताला ठेवलेले असतात. काकींनी जागा बदललेली नाही.